जांभळं पाणी

ठाकोरभाईंनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याची चौपदरी घडी घातली, बोटावर ताणून धरली आणि गाडीच्या ओल्या दारावर ती दहा वेळा घासली. दहाच. नऊ नाही, अकरा नाही. मग घडी उलटी करून माझ्या नाकाला लागेल इतकी जवळ आणली आणि ओरडले, “जो! रंग निकळी गयो! मारी गाडीनो रंग निकळी गयो!” रुमालावर रुपयाएवढा जांभळा डाग होता. दारावरून, हँडलखालून, चाकावरच्या कमानीतून जांभळे ओघळ खाली चालले होते, आणि पांढऱ्या गाडीवर ते दिसत होते भयंकर, हे मी मान्य करते. कोणीही घाबरलं असतं. बाकावर चहा पीत बसलेली चार गिऱ्हाइकं कप हातात घेऊनच उठून आली. त्या चौघांसमोर ठाकोरभाईंनी मला आंधळी म्हटलं, अक्कल नसलेली म्हटलं, आणि आमच्या मालकाकडे, योगेंद्रकडे, वळून सांगितलं की ही बाई आधी हात जोडून माफी मागेल, पुढचं सगळं नंतर. माझ्या एका हातात गाडीवर फवारायच्या औषधाची बाटली होती, दुसरा हात मोकळा होता. आणि मला भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू. डोक्यात तिडीक गेली. कारण ती दहा वेळा घासायची पद्धत मी ओळखली होती.

इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांमध्ये कलर मास्तर असंच करतात. कापड रंगून बाहेर आलं की पांढरी चिंधी बोटावर घ्यायची, दहा वेळा घासायची, आणि चिंधीवर रंग उतरला की माल नापास. ठाकोरभाई पस्तीस वर्षं तिथल्या एका मिलमध्ये मास्तर आहेत, हे त्यांनी गाडीतून उतरता उतरताच आम्हाला ऐकवलं होतं, कोणी विचारलेलं नसताना. दुसऱ्या एखाद्या गावातला माणूस जांभळे ओघळ बघून नुसता बोंबलला असता, दोन शिव्या घालून, समजावल्यावर गप्प बसला असता. सुरतच्या माणसाने परीक्षा घेतली. आणि परीक्षेचा निकाल त्याच्या रुमालावर होता, मग तो माझं कशाला ऐकतोय? मी म्हणाले, “भाई, हा तुमच्या गाडीचा रंग नाही, हे लोखंड आहे.” मी गुजरातीतच बोलले, बेचाळीस वर्षं सुरतेत काढल्यावर ती भाषा काही मला परकी नाही. पण तो माणूस हसला. “मने रंग शीखवे छे?” चौघांकडे बघून हसला, म्हणजे त्यांनीही हसावं. दोघे हसले.

आता ते लोखंड काय हे सांगते, म्हणजे मी हवेत बोलतेय असं कोणाला वाटायला नको. आमचं वॉशिंग सेंटर उधन्यात आहे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पलीकडच्या गल्लीत लूमचे पार्ट घासणारे कारखाने, दिवसभर ग्राइंडर चालू. ठिणगी उडते, विझते, आपल्याला वाटतं संपली. ती संपत नाही. तिचा चुरा हवेत राहतो आणि उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांवर येऊन बसतो. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधून उडतो तो वेगळाच. ऊन-दव खाऊन तो रंगात रुततो, तिथेच गंजतो, आणि पांढरी गाडी असली की अंगभर नारिंगी ठिपके उठतात. शांपूने जात नाहीत, घासून जात नाहीत, उलट घासलं तर ओरखडे पडतात. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या गाडीवरून हात फिरवा, साखर सांडलेल्या ओट्यासारखं खरखरीत लागतं. त्याच्यासाठी हे औषध. दिसायला पाण्यासारखं, वासाला सडकं अंडं. ते मारलं की रंगाला काही होत नाही, फक्त लोखंडाला धरतं, आणि लोखंडाला धरलं की जांभळं होतं. जितकं जांभळं तितकी गाडी घाण. ठाकोरभाईंची गाडी मी आजवर केलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त जांभळी झाली होती. मला तर आत कुठेतरी बरंसुद्धा वाटत होतं, मनाजोगतं काम हाताखाली आलं म्हणून. आणि हे सगळं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं काम योगेंद्रचं असतं. जांभळं होईल, घाबरू नका, एवढी दोन वाक्यं. ती तो आज बोलला नव्हता. फोनवर होता.

“ताई,” योगेंद्र म्हणाला. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आमच्याच शहाद्याकडचा, आयटीआय करून इकडे आलेला. वाईट मुलगा नाही. चार वर्षांपूर्वी बाईमाणूस गाड्या धुणार म्हणून सगळे नाकं मुरडत होते तेव्हा यानेच मला ठेवून घेतलं. पण गिऱ्हाईक ओरडलं की हा घाबरतो, आणि घाबरला की तो घरच्या अहिराणीवर येतो. “ताई, जाऊ दे ना व. बोली टाक ना सॉरी.” सॉरी! जसं काही बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान दुसरीकडे फिरवली. त्याला ठाऊक होतं ना कोणाचं चुकलं ते. मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही सांगा ना यांना, काय औषध आहे ते.” तो म्हणाला, सांगतो, सांगतो, आधी जरा वातावरण शांत होऊ दे. ठाकोरभाईंनी तोवर पाण्याची प्रेशर गन स्वतःच्या हातात घेतली होती. पुरावा धुवायचा नाही, म्हणाले. चौघांतला एक मोबाइल काढून ओघळांचं चित्रण करायला लागला.

आणि इथेच खरी अडचण होती, जी त्या सगळ्यांत फक्त मला दिसत होती. हे औषध अंगावर वाळू द्यायचं नसतं. मारायचं, तीन-चार मिनिटं थांबायचं, आणि सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. म्हणूनच आम्ही सुरतच्या उन्हाळ्यात गाडीची एकच बाजू एका वेळी घेतो, सावलीत, पत्रा हाताला गार लागला तरच. मी डावी बाजू घेतली होती. उजवी तशीच होती. मार्च महिन्याची दुपार, शेडच्या खालून उन्हाची पट्टी सरकत सरकत मागच्या चाकापर्यंत आलेली. ओघळांच्या कडा घट्ट व्हायला लागल्या होत्या. अजून थोडा वेळ गेला असता तर त्या पांढऱ्या रंगावर खरंच डाग पडले असते, पॉलिश मारल्याशिवाय न निघणारे, आणि मग जगातला कोणताही माणूस म्हणाला असता की बाईने गाडी खराब केली. म्हणजे बघा कसं होतं ते. मी माफी मागितली तर गन मिळते, गाडी वाचते आणि गुन्हा माझ्या नावावर लागतो. नाही मागितली तर गन मिळत नाही, गाडी जाते आणि गुन्हा तरीही माझ्याच नावावर लागतो. ठाकोरभाई म्हणाले, “हाथ जोड. पछी पाणी.” आधी हात, मग पाणी. दोन शब्द काय, दोन हात काय, जोडले की सुटलं. पण माझे हात उठेनात.

माझे हात का उठेनात ते त्या चौघांना कळणार नव्हतं, योगेंद्रला तर मुळीच नाही. मी अकरा वर्षांची होते. माझे वडील, हिलाल त्यांचं नाव, पांडेसऱ्यात एका मिलमध्ये ब्लीचिंगला होते. ती मिल आता नाही, तिच्या जागी गोदाम आहे. कोरं कापड उकळून, औषधाच्या पाण्यातून काढून, बगळ्यासारखं पांढरं करायचं, मग ते रंगायला पुढे जायचं. वडिलांच्या मशीनवर एकट्याचा हात चालायचा. घरी आले की त्यांच्या बोटांची कातडी धुवून धुवून सुरकुतलेली असायची, नखं मात्र लख्ख, आणि ते त्यांना आवडायचं. आई, वत्सला, आमच्या गल्लीतल्या बायकांना सांगायची की माझ्या माणसाचे हात साहेबापेक्षा गोरे. त्या आठवड्यात आई तापाने पडली होती म्हणून डबा घेऊन मी गेले. डबा कसला, डालड्याचा जुना पत्र्याचा डबा होता, तारेची कडी लावलेला, बुडाला गंज चढलेला. मिलमध्ये जमिनीवर सगळीकडे पाणी. वाफेत वडील कुठे दिसेनात. शेजारी ढकलगाडीवर ओल्या कापडाचे पट्टे रचून ठेवलेले होते, छान सपाट, मी डबा त्याच्यावर ठेवला. का ठेवला? अहो, हात भरून आला होता म्हणून ठेवला! अकरा वर्षांच्या पोरीने आणखी काय विचार करायचा? वडील आले, डबा उचलला. खाली कापडावर तपकिरी गोल उमटला होता. त्यांनी अंगठ्याने तो पुसून बघितला, थोडा पसरला. माझ्याकडे बघितलं. भाकरी खाल्ली, मला भुईमुगाच्या चटणीचा घास दिला आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेले तेव्हा मिलच्या दारातच गर्दी होती. तो सगळा लॉट ब्लीचिंगमधून बाहेर आला होता आणि त्याला भोकं पडली होती. टाचणीने टोचल्यासारखी, अंगभर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मास्तरने कापड उजेडासमोर धरलं होतं आणि त्या भोकांमधून उजेड गळत होता. लोखंड लागलं की ब्लीचिंगच्या औषधाने कापड तिथे जळतं, हे मिलमधल्या प्रत्येकाला माहीत. मास्तरने घडीघडी उलटून तपासलं आणि त्याला सापडला तो माझा तपकिरी गोल. आता तो जवळजवळ भोकच झाला होता, डब्याच्या बुडाएवढा. कोणी ठेवलं यावर लोखंड? मी दारात उभी. डबा माझ्या हातात. कोणी खाली बघितलं असतं तर गोलाचं माप माझ्या हातातच होतं. वडील पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. नुसते जोडले नाहीत, जोडून कपाळाला लावले आणि कमरेतून वाकले. “मेरे से हुआ साहेब. गलती मेरी.” ते गोरे हात. मास्तर काय काय बोलला ते मला आठवत नाही, खूप बोलला. मला आठवतंय ते एवढंच की मास्तरचं बोलणं संपल्यावरही वडिलांचे हात खाली आले नाहीत, बराच वेळ, जसं काही ते कसे खाली करायचे ते विसरले. मग त्यांनी मला बघितलं. जवळ येऊन, मी आलेच कशाला असं हळूच म्हणाले, “तू कसाले उनी? घर जाय. माय ले काही सांगू नको.”

त्यांना काढलं नाही. मशीनवरून उतरवलं. ओले गठ्ठे पाठीवर वाहायला लावलं, आणि ते त्यांनी पुढची वीस वर्षं वाहिले. मी आईला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आणि वडील मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत, बोलले असते तर फार बरं झालं असतं. त्यांची पाठ दुखायची तेव्हा मी चोळून द्यायचे, सासरहून आले की आधी तेल गरम करायला ठेवायचे, आणि चोळताना प्रत्येक वेळी मनात एकच, हे मी केलं. एका डब्याने केलं. मला त्यांचा रागही यायचा, हेही सांगून टाकते. का जोडले हात? लेकीला वाचवायला, मान्य. पण जोडून झाल्यावरही जन्मभर तसेच का राहिले? मुकादम दिसला की हात जोड, रेशनवाला दिसला की हात जोड, माझ्या लग्नात तर व्याह्यांच्या वाटेवर असे उभे राहिले की मला मांडवातून उठून जावंसं वाटलं. एकदा माणूस वाकला की लोकांना त्याला वाकलेलाच बघायची सवय होते, आणि त्याच्या पाठीलाही. ते वारले तेव्हा मी चाळीसच्या आत होते, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी या वॉशिंग सेंटरवर लागले. तीन महिन्यांनी. हे तीन महिने मी कोणाकडे मागायला जाऊ?

कारण इथे लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात योगेंद्रने मला हे औषध दाखवलं होतं. एका डॉक्टरची पांढरी गाडी होती. त्याने फवारलं, दोघं बघत उभे राहिलो, आणि काहीही नसलेल्या त्या पांढऱ्या पत्र्यावर जांभळे थेंब फुटायला लागले. इथे, तिथे, छपरावर, आरशाच्या मागे, जिथे कोणाचा हातसुद्धा पोचत नाही. मी विचारलं, एवढं लोखंड कोणी लावलं? योगेंद्र म्हणाला, लावतं कोण, ताई, हवेतून येतं, पाण्यातून येतं, जुन्या पाइपातून येतं. आणि एका जागी लोखंड टेकलं तर एका जागीच डाग, अंगभर असेल तर समजायचं की ते पाण्यातून नाहीतर हवेतून आलंय. तो बोलून गेला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. मी खाली बसले. ओल्या फरशीवर, कपड्यांसकट. अंगभर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अरे देवा, डबा एका घडीवर होता! एका घडीवरचा डबा अख्ख्या लॉटला भोकं कशी पाडेल? त्या मिलची टाकी गंजलेली होती, पाइप गंजलेले होते, नळाला पिवळं पाणी यायचं आणि सगळे त्यावर हसायचे. मास्तरला हे कळलं नसेल? रंगाचा, पाण्याचा जाणता माणूस. कळलं असेल. पण टाकी बदलायला मालकाकडे जाऊन बोलावं लागलं असतं, आणि इथे एक माणूस आयता हात जोडून उभा होता. मी त्या फरशीवर बसून रडले नाही. मला इतका संताप आला होता की रडायला जागाच नव्हती.

“हाथ जोड,” ठाकोरभाई पुन्हा म्हणाले. हा तो मास्तर नव्हे, हे मला माहीत होतं. तो केव्हाच गेला असेल, हा नुसता त्याच धंद्यातला. उन्हाची पट्टी मागच्या दारावर चढली होती. ओघळाचं एक टोक मी बघत होते, ते आता चमकत नव्हतं. योगेंद्र माझ्या कानाशी पुटपुटला, “ताई, मनी इज्जत ठेव.” त्याची इज्जत! मी त्याला म्हटलं, भाऊ, तुमची इज्जत तुम्ही ठेवा, मला गाडी वाचवायची आहे. आणि ठाकोरभाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. “गन द्या.” ते हलले नाहीत. मी त्यांच्या मनगटाखालून गनची मूठ धरली आणि ओढली. ओढली म्हणजे हिसकावली, मऊ शब्द कशाला वापरू. परक्या पुरुषाच्या हातातून वस्तू हिसकावायची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. ते इतके चकित झाले की त्यांची बोटं आपोआप सुटली. “बाजूला व्हा, बूट भिजतील,” मी म्हणाले आणि घोडा दाबला. त्यांचे बूट भिजले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. चित्रण करणारा मोबाइल छातीशी धरून मागे पळाला.

मी वरून खाली धुवायला लागले. मागच्या दारापासून, जिथे ऊन होतं तिथून. जांभळं पाणी फरशीवर पसरलं, गटाराच्या जाळीकडे गेलं, फिकट झालं, मग नुसतं पाणी राहिलं. मागून ठाकोरभाई काहीतरी ओरडत होते, योगेंद्र ताई ताई करत होता, पण पंपाच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं आणि आलं असतं तरी मी थांबले नसते. मी घाबरले नव्हते. म्हणजे थोडी घाबरलेही असेन. नोकरी गेली तर काय, हे डोक्यात येत होतं, घरी एकटीच मी कमावते, नवऱ्याला लूमच्या धुळीत काम करून करून दम लागतो. तरी हात चालत होते. एक डाग हँडलच्या खोबणीत राहिला होता, तिथे थांबून, जवळ जाऊन, पाणी मारलं. मऊ कापडाने टिपलं. पंप बंद केला. एकदम इतकं शांत झालं की रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता आले असते.

डावी बाजू पांढरी होती. मिलमधून नव्याने आलेल्या कापडासारखी पांढरी, आणि हे मी सांगायची गरज पडली नाही, ते ज्याला कळायला पाहिजे त्याला कळलं. ठाकोरभाई ओली पँट सावरत दाराजवळ आले. रुमालाची कोरी बाजू बाहेर काढली, बोटावर ताणली. घासलं. मी मनात मोजत होते. दहा. त्यांनी रुमाल उजेडासमोर धरला, उलटा केला, परत धरला. पांढरा. मग तो माणूस पुढे झाला आणि उघड्या हाताचा तळवा दारावरून सावकाश फिरवत नेला, कापडाचा पोत बघतात तसा. गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, उजव्या दारावरून तोच तळवा फिरवला आणि मध्येच थांबला. खरखर त्याच्या हाताला लागली. नारिंगी ठिपके त्याला पहिल्यांदाच नीट दिसले असावेत, कारण आता शेजारी तुलना करायला दुसरी बाजू होती. तो माणूस आडमुठा होता, पण त्याचा हात खोटा नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “पास,” तो म्हणाला. मिलमध्ये म्हणतात तसंच, कोणाकडेही न बघता. आणि मग योगेंद्रला, मला नव्हे, योगेंद्रला म्हणाला, “बीजी साइड पण करावी दो.”

योगेंद्रच्या जिवात जीव आला. “हो भाई, आत्ता करतो, ताई, घ्या ना, उजवी बाजू घ्या.” हसतसुद्धा होता. चौघे बाकाकडे परत निघाले. झालं! संपलं! जसं काही घडलंच नाही. मला आंधळी म्हटलं ते हवेत विरलं, अक्कल नसलेली म्हटलं ते गटाराच्या जाळीतून वाहून गेलं. मी कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. औषधाची बाटली मांडीवर ठेवली. योगेंद्र म्हणाला, काय झालं, बरं नाही वाटत का? मी म्हटलं, “मला उत्तम वाटतंय. भाई, गाडी पास झाली. मी?” ठाकोरभाईंना कळलं नाही, किंवा कळलं नसल्यासारखं केलं. मी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की या चौघांसमोर तुम्ही म्हणालात बाईने रंग काढला. आता या चौघांसमोरच सांगा काय निघालं ते. मग मी दुसऱ्या बाजूला हात लावते.

ते हसले, मग चिडले. तू तारी जातने शुं समजे छे, स्वतःला समजतेस कोण, वगैरे. गाडीत बसले, दार आपटलं, इंजिन सुरू केलं. योगेंद्र माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्याचं घर पेटवलंय. पण मी बसून राहिले, कारण मला एक गोष्ट माहीत होती. पस्तीस वर्षं ज्याने एका ताग्याची दोन टोकं रंगाच्या एकाच छटेची आहेत का हे बघण्यात घालवली, तो एक बाजू पांढरी आणि एक बाजू ठिपक्यांची गाडी घेऊन उधन्याच्या रस्त्यावर जाऊ शकणार नाही. जाऊच शकणार नाही, त्याचे डोळे त्याला जाऊ देणार नाहीत. इंजिन मिनिटभर चालू राहिलं. बंद झालं. ठाकोरभाई उतरले, पुढे जाऊन बॉनेटसमोर उभे राहिले आणि दोन्ही बाजू एकदम दिसतील असं डोकं तिरकं करून बघत राहिले. योगेंद्र माझ्याकडे आला. “ताई, दे ती बाटली, मी करतो.” मी बाटली पुढे धरली. “घ्या. पण मग हा ॲप्रनही घ्या, मी चालले.” त्याने बाटली घेतली. दोन पावलं गाडीकडे गेला. का कोण जाणे, तिथे थांबला, मग परत आला आणि बाटली माझ्या बादलीशेजारी फरशीवर ठेवली. “भाई,” तो तिकडे न बघताच म्हणाला, “हे काम ताईच करतात. आणि जांभळं होणार हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. ते माझं राहिलं.” आवाज चिरका निघाला, पण निघाला. मला तो पोरगा त्या क्षणी फार आवडला.

मग ठाकोरभाई माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. खोटे. नाटकातले. कोपरं वर काढून, मान वाकडी करून, चौघांकडे डोळा घालत. “माफ करजो, बेन, मोटी भूल थई गई.” चौघांतला एक फिसकन हसला. मी बादलीवरून उठले. मी म्हणाले, “हात खाली करा.” ते तसेच. “खाली करा म्हणते ना! हात मला कोणाचेच नकोत. तुमचे नकोत, खोटे नकोत आणि खरे तर अजिबात नकोत. तुम्ही माफी मागा असं मी म्हटलंच नाही. रुमालावर काय होतं तेवढं बोला. पस्तीस वर्षं मास्तर आहात, चिंधीवर काय उतरलं ते सांगता येत नाही?” हे शेवटचं बोलायला नको होतं असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं की हेच बोलायला पाहिजे होतं. त्यांचे हात आपोआप खाली आले. चेहऱ्यावरचं नाटक उतरलं आणि त्याच्या खालचा थकलेला, साठीच्या जवळचा माणूस दिसला. त्यांनी रुमाल उलगडला. जांभळा डाग वाळून कडेने गंजासारखा तपकिरी व्हायला लागला होता. चौघेही आता हसत नव्हते.

“लोखंड हतुं,” ते म्हणाले. रुमालाशीच बोलल्यासारखं म्हणाले. “रंग नहोतो. बेननी भूल नहोती.”

मी बाटली उचलली, झाकण फिरवून फवारा उघडला आणि उजव्या दाराच्या पत्र्यावर हात ठेवून बघितला. गार होता.

“ऐकू नाही आलं, भाई,” मी म्हणाले. “मघाशी ओरडलात, तेवढ्या आवाजात बोला.”